पाळणा

अकरा सामने, दोन विजय,
एकेचाळीस वेळा पाठीवर.
जानेवारीतली मिलवॉकी. खिडकीबाहेर सरोवर आहे म्हणतात,
दिसतो फक्त करडा रंग.
आत सहा जण, गार झालेली कॉफी आणि एक प्रश्न:
टॉलिव्हर ठेवायचा की नाही.

बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक.
त्याच्या पंजाची लांबी लिहून ठेवली आहे, सव्वानऊ इंच.
चाळीस यार्ड किती सेकंदांत, तेही.
आईला आठवड्यात किती फोन करतो
हेसुद्धा कुणीतरी एका रकान्यात भरलंय.
मॅनेजर इंग्रजीत जे म्हणाले ते मला माझ्या भाषेत ऐकू आलं:
शितावरून भाताची परीक्षा.
मला मात्र कुकर दिसत होता,
शिट्टीच्या आधीच उघडलेला.

मी व्हिडिओच्या खोलीतला माणूस.
माझं मत कुणी मागत नाही, रिमोट मागतात.

पावलिक एकाहत्तरचा. दोन्ही गुडघे नवे,
चाळीस वर्षं गावोगावच्या मैदानांवर
लोखंडी बाकावर बसून पोरं पारखलेला.
एकदा आयोवातल्या मोटेलात जेवताना
मी त्याला सांगितलं होतं,
आमच्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.
काटा तसाच हवेत धरून तो म्हणाला,
"हात सगळेच बघतात. पाय!
तुमच्या लोकांना फुटबॉल कुणी शिकवला?"

आज तो उठला, पडद्यापाशी गेला,
हातातली फाइल अशी धरली
की टॉलिव्हरच झाकला गेला.
"लाव."

उरले पुढचे पाच जण.
डावा टॅकल, सोळा दिवसांपूर्वी दुसऱ्या संघाने सोडलेला,
हेल्मेटवर अजून जुन्या स्टिकरचा चिकटा.
शेजारी ब्रेंडल, खांदा पट्टीत.
सेंटर चेंडू मागे देतो आणि
डोकं वर करेपर्यंत समोरचा माणूस पाहुण्यासारखा आत.
एक पूर्णांक नऊ सेकंद.
ही भिंत म्हणायची? पडदा होता तो,
न्हाणीघरातला.
"परत लाव."
एक पूर्णांक सात.

"पाय दिसणार कुठून," मी बोलून गेलो,
"पाळणाच बांधलेला नाही."
मराठीत बोललो होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
इंग्रजीत सांगितलं तेव्हा
ते वाक्य बाळंतविड्यातल्या वस्तूंच्या यादीसारखं वाटलं.

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं.
सहाव्या क्रमांकाची निवड आपल्या हातात आहे,
टेक्ससमध्ये एक मुलगा आहे,
सहा फूट पाच, गुडघ्यावर बसून साठ यार्ड फेकतो.
"उत्तम," पावलिक म्हणाला,
"आपल्याकडे तो बहुतेक वेळ गुडघ्यावरच असणार."
कुणी हसलं नाही. बैठक उद्यावर गेली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये ब्रेंडलची गाडी बर्फात रुतलेली.
ब्रेंडल आत, एका हाताने स्टिअरिंग धरून.
मागून ढकलत होता टॉलिव्हर,
ज्याला याच ब्रेंडलच्या बाजूने
यंदा बारा वेळा लोळवलं.
टाचा किंचित उचललेल्या, गुडघे मोकळे.
चाक गरगरलं, काळा चिखल छातीवर उडाला,
तो मागे सरला नाही,
चाकाकडे पाहिलंही नाही.
नजर फाटकावर.

गाडी सुटली. त्याने तोंड पुसलं,
काहीतरी ओरडला, दोघं हसले.

ते गेल्यावर मी तिथवर गेलो.
बर्फात दोन पाय, खोल,
खांद्यांइतक्या अंतरावर.
फोटो काढावा म्हणून मोबाइल शोधला,
हातमोजा बोटांतून निघेना,
आणि वरून भुरभुर चालूच.

रात्री अहवाल उघडला.
'संघाची गरज' असा एक रकाना असतो शेवटी.
तिथे लिहिलं: सुतार. पाच.
मग खोडलं,
आणि त्यांना कळेल असं लिहिलं:
डावा टॅकल.